अनागारिक धर्मपाल : बहुसंख्यांचा धर्म आणि धम्माची कसोटी



ज्या समाजाची संख्या मोठी, त्याने आपली संस्कृती कोणती हे ठरवावे काय, ती जपावी काय, तिचा प्रसार करावा काय? हा प्रश्न आपण नेहमी दुसऱ्यांना विचारतो. भारतात बौद्ध मूठभर असल्यामुळे तो आपल्याला लागू नाही, असे आपण समजतो. पण दक्षिणेकडच्या बेटावर, श्रीलंकेत, बौद्धच बहुसंख्य आहेत. तेथे या प्रश्नाचे काय झाले हे पाहायचे असेल, तर अनागारिक धर्मपालांचे चरित्र डोळसपणे वाचले पाहिजे. डोळसपणे अशासाठी की, त्यांचे ऋण आपल्यावर मोठे आहे. आणि ज्याचे ऋण मोठे, त्याच्या चुका पाहायला माणूस सहसा धजत नाही.

धर्मपालांचा जन्म १७ सप्टेंबर १८६४ रोजी कोलंबोत एका सधन व्यापारी कुटुंबात झाला. घर बौद्ध, पण मुलाचे नाव डॉन डेव्हिड हेवावितरणे! हे नावच त्या काळाची साक्ष देते. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज, डच आणि इंग्रज असे एकामागून एक राज्यकर्ते आले. बेटावर शंभरांत साठच्या आसपास लोक बौद्ध. तरी शाळा मिशनऱ्यांच्या, प्रतिष्ठा ख्रिस्ती नावाला आणि नोकरी इंग्रजी शिकलेल्याला. संख्येने मोठा असलेला समाजही आपल्याच घरात कसा पोरका होतो, याचे हे उदाहरण आहे. मिशनरी शाळेत शिकणाऱ्या डेव्हिडला हा अपमान रोज गिळावा लागे.

१८८० साली कर्नल ऑलकॉट आणि मादाम ब्लाव्हाट्स्की लंकेत आले. पुढे बौद्धांच्या स्वतःच्या शाळा निघाल्या, वैशाखी पौर्णिमेची सुट्टी १८८५ मध्ये परत मिळाली. तरुण डेव्हिडने ऑलकॉटसाहेबांचा दुभाषी होऊन बैलगाडीतून गावोगाव प्रवास केला. परकी नाव टाकून त्याने धर्मपाल हे नाव घेतले आणि घरदार नसलेला या अर्थी अनागारिक म्हणवून घेतले. दारू सोडा, आपला पोशाख नेसा, आपली भाषा बोला, मुलांना आपली नावे ठेवा, असे ते लोकांना सांगू लागले. वाचकहो, यात गैर काय होते? काहीच नव्हते. ज्याला शतकानुशतके हीन ठरवले गेले, त्याने प्रथम आपण कोण हे ठरवलेच पाहिजे. हे आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवण्याची गरज नाही.

जानेवारी १८९१ मध्ये धर्मपाल बुद्धगयेला आले. ज्या ठिकाणी सिद्धार्थ गौतम बुद्ध झाले, ते महाविहार एका शैव महंताच्या ताब्यात होते. ते पाहून त्यांनी तेथेच राहण्याचा निर्धार केला. त्याच वर्षी ३१ मे रोजी कोलंबोत महाबोधी सभा स्थापन झाली. १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत त्यांनी बौद्धांची बाजू मांडली. १८९५ मध्ये जपानहून आलेली बुद्धमूर्ती त्यांनी महाविहारात बसवली, तेव्हा महंताच्या माणसांनी ती उचलून बाहेर नेली. खटला झाला, खालच्या कोर्टात दिलेली शिक्षा कलकत्ता हायकोर्टाने रद्द केली.

येथे धर्मपाल कोणत्या बाजूला उभे होते, हे ध्यानात घ्या. बुद्धगयेत ते अल्पसंख्य होते. तुम्ही संख्येने मोठे आहात आणि ताबा तुमच्याकडे आहे, म्हणून न्यायही तुमच्याच बाजूचा होत नाही, हेच त्यांचे तेथील सारे म्हणणे होते. पुढे १९४९ चा कायदा झाला, तरी व्यवस्थापन समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी अशी रचना ठरली. तो जिल्हाधिकारी हिंदूच असला पाहिजे, ही अट २०१३ च्या दुरुस्तीपर्यंत कायम होती.

आता हाच माणूस लंकेत परतल्यावर काय सांगत होता ते पाहू. १९०६ मध्ये त्यांनी 'सिंहल बौद्धया' हे वृत्तपत्र काढले. त्यात धम्म हळूहळू एका वंशाची मालमत्ता बनत गेला. सिंहली तेवढे आर्य आणि बेटाचे खरे धनी, बाकीचे उपरे, अशी मांडणी झाली. मुसलमान व्यापारी आणि तामिळ यांच्याविषयी त्यांची लेखणी कठोर, कधी कधी विखारी झाली. १९१५ मध्ये सिंहली-मुसलमान दंगल उसळली. दुकाने लुटली गेली, मशिदींवर हल्ले झाले. धर्मपाल त्या वेळी कलकत्त्यात होते. दंगल त्यांनी घडवली असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. पण शेजाऱ्याला उपरा ठरवणारे शब्द हवेत विरून जात नाहीत, हेही तितकेच खरे. इंग्रज सरकारने लष्करी कायदा लावून भयंकर सूड घेतला. धर्मपालांचे बंधू एडमंड जाफनाच्या तुरुंगात आजारी पडून वारले. खुद्द धर्मपालांना काही वर्षे कलकत्त्यातच स्थानबद्ध करून ठेवले.

शेवटची वर्षे त्यांनी सारनाथला दिली. १९३१ मध्ये मूलगंधकुटी विहार उभा राहिला. त्यांनी प्रव्रज्या घेतली, १९३३ मध्ये उपसंपदा झाली आणि त्याच वर्षी २९ एप्रिलला सारनाथलाच त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर त्यांच्या विचाराचे दोन प्रवाह दोन दिशांना गेले. १९५६ हे बुद्धजयंतीचे २५०० वे वर्ष. त्या वर्षी लंकेच्या संसदेने सिंहली हीच एकमेव राजभाषा ठरवली. १९७२ च्या राज्यघटनेने बौद्ध धर्माला अग्रस्थान दिले. सिंहलीचा कायदा आणणारे पंतप्रधान बंदरनायके यांचा १९५९ मध्ये खून झाला, आणि गोळी झाडणारा चीवरधारी भिक्खू होता. १९८१ मध्ये जाफनाचे ग्रंथालय जाळले गेले, १९८३ मध्ये तामिळांची कत्तल झाली आणि यादवी युद्ध २००९ पर्यंत चालले. हा रोग केवळ सिंहलींचा नव्हता. १९९० मध्ये तामिळ वाघांनी उत्तरेतील हजारो मुसलमानांना घराबाहेर काढले. ज्याच्या हाती सत्ता, तो आपल्याहून लहान असलेल्यावर तेच करतो.

दुसरा प्रवाह त्याच १९५६ साली, १४ ऑक्टोबरला, नागपुरात दिसला. परमपूज्य बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्म स्वीकारला, तेव्हा धर्मपालांचे शिष्य आणि महाबोधी सभेचे सचिव देवप्रिय वालिसिंह तेथे हजर होते. त्या लोकांच्या पाठीशी ना राज्य होते, ना राजभाषा, ना वंशाचा अभिमान. होते ते फक्त स्वखुशीने घेतलेले शील. एका ठिकाणी धम्माला कायद्याचे कुंपण घातले गेले, दुसऱ्या ठिकाणी त्याची दारे उघडली. धम्म कोठे वाढला, हे तुम्हीच ठरवा.

तर मूळ प्रश्नाचे उत्तर काय? मोठ्या समाजानेही आपली भाषा, आपले ग्रंथ, आपली शाळा जपावी, तो त्याचा हक्कच आहे. पण आपण कोण हे सांगताना शेजारी कोण नाही हे सांगू नये, आणि आपल्या जतनासाठी राज्याचा दंडुका मागू नये. कसोटी धर्मपालांनीच घालून दिली आहे. बुद्धगयेत आपण महंताकडे जे मागितले, ते जाफनाच्या तामिळाला आणि कँडीच्या मुसलमानाला देण्याची आपली तयारी आहे काय? धर्मपाल या कसोटीला अर्धेच उतरले. उरलेली अर्धी आपल्यापुढे आहे. ज्या वस्तीत, ज्या गावात, ज्या संस्थेत आपण चार जण जास्त असू, तेथे ती रोज आपली परीक्षा घेत असते.