मातीची नाडी पाहणारा माणूस

खाणीतून खनिज काढून घेतले की मागे उरतो भुकटी आणि पाणी यांचा गाळ. खाणवाले त्याला टेलिंग्ज म्हणतात. तो अडवण्यासाठी बांध घालतात आणि पुष्कळदा तो बांधही त्याच गाळाचा असतो. बाहेरून तो कितीही धट्टाकट्टा दिसो, त्याचे आयुष्य ठरते ते पोटात चढलेल्या पाण्यावर. हे पोटातले पाणी ओळखायला जगाला शिकवले कार्ल टेर्झागी यांनी.

त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८८३ रोजी प्रागमध्ये झाला. ग्राझ येथे ते यंत्रशास्त्र शिकले. पण जीव जडला मातीवर. १९१६ साली ते इस्तंबूलला शिकवायला गेले. महायुद्ध संपताच ती नोकरी सोडावी लागली. मग तिथल्याच रॉबर्ट कॉलेजात सिगारच्या रिकाम्या खोक्यांसारख्या टाकाऊ वस्तूंतून त्यांनी प्रयोगशाळा उभी केली. ओल्या चिकणमातीवर वजने ठेवून ते तासन्‌तास निरीक्षण करीत. त्यातून हाती आले एक साधे तत्त्व : कणांमधले पाणी भाराचा काही वाटा स्वत:वर घेते आणि त्याचा दाब वाढला की कणांची परस्परांवरची पकड सैल होते. १९२५ साली व्हिएन्नात त्यांचा ग्रंथ निघाला आणि मृदा यामिकी या शास्त्राचा पाया घातला गेला.

पुढे एमआयटी, व्हिएन्ना, हार्वर्ड अशी अध्यापनाची वाटचाल झाली. तरी कागदावरच्या आकडेमोडीवर त्यांनी कधी आंधळा विश्वास टाकला नाही. बांधात दाबमापक नळ्या, म्हणजे पीझोमीटर बसवावेत, नोंदी ठेवाव्यात आणि अंदाज चुकला तर काय करायचे हे आधीच ठरवून ठेवावे, असा त्यांचा आग्रह. कॅनडातील मिशन धरण दबणाऱ्या चिकणमातीवर याच रीतीने उभे राहिले. १९६३ साली ते वारले. १९६५ साली त्या धरणाला त्यांचे नाव देण्यात आले.

पण नाडी पाहिली म्हणजे रोगी वाचतोच असे नाही. २५ जानेवारी २०१९ रोजी ब्राझीलमधील ब्रुमाजिन्यो येथे लोहखनिजाच्या गाळाचा ८६ मीटर उंच बांध काही सेकंदांत पातळ होऊन वाहून गेला. २७० माणसे मेली. बांधात पीझोमीटर होते, बांध स्थिर असल्याचा दाखलाही होता. तज्ज्ञांना पुढे आढळले की आत पाण्याची पातळी उंच होती, निचरा अपुरा होता आणि कोसळण्यापूर्वी बांध मोजता येईल इतका हललाच नव्हता.

सैल, पाणी मुरलेली माती एकाएकी द्रवासारखी वाहू लागते, हे टेर्झागींनी १९५६ सालीच लिहून ठेवले होते. असा बांध आगाऊ सूचना देत नाही. म्हणून तिथे नोंदवही पुरत नाही. आधी पाणी बाहेर काढावे लागते आणि बांधाच्या पायथ्याशी माणसांचा वावर ठेवायचा नसतो. ब्रुमाजिन्योत त्या पायथ्याखाली कामगारांचे उपाहारगृह होते आणि बांध फुटला तेव्हा वेळ जेवणाची होती.