क्ष-किरणांचा निर्मोही धनी

विल्हेल्म कोनराड राँटगेन हे नाव आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येते आणि परीक्षा संपली की विसरले जाते. एक्स-रेचा शोध कोणी लावला, या प्रश्नाला एक गुण. पण जिवंत माणसाच्या कातडीआड पाहण्याची वाट ज्याने डॉक्टरांना दाखवली, त्याचे आयुष्य एका गुणात मावणारे नाही. मी काही डॉक्टर नव्हे. बत्तीस वर्षे बँकेत नोकरी केली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. या दोन्ही उद्योगांनी मला एक खोड लावली : एखाद्यापाशी पैसा आपण होऊन चालून आला तेव्हा तो कसा वागला, हे आधी पाहायचे. राँटगेन यांच्या चरित्रात मी गुंतलो तो याच खोडीपायी.

२७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतल्या लेनेप या गावी कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. आई डच होती. मुलगा तीन वर्षांचा असताना कुटुंब हॉलंडमध्ये आपेलडोर्न येथे गेले. पुढे उत्रेख्तच्या तांत्रिक शाळेत कोणा मुलाने एका शिक्षकाचे व्यंगचित्र काढले. चित्रकाराचे नाव सांग, असा राँटगेनना हुकूम झाला. त्यांनी नाव सांगितले नाही, आणि शाळेतून नाव गेले ते त्यांचेच! शालान्त प्रमाणपत्र नसल्याने विद्यापीठांची दारे बंद झाली. झुरिचच्या पॉलिटेक्निकमध्ये मात्र त्या कागदावाचून प्रवेश मिळू शकत होता. तिथे ते १८६५ मध्ये दाखल झाले आणि १८६९ मध्ये डॉक्टरेट घेऊन बाहेर पडले. गुरू ऑगस्ट कुंट यांच्याबरोबर ते वुर्झबुर्गला गेले, तर तिथल्या विद्यापीठाने जुने प्रमाणपत्र नाही म्हणून त्यांना अध्यापनाचा अधिकार नाकारला. नियतीचा खेळ असा, की त्याच वुर्झबुर्गमध्ये ते १८८८ मध्ये प्राध्यापक म्हणून परतले आणि १८९४ मध्ये त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

झुरिचच्या एका खाणावळवाल्याची मुलगी आना बेर्टा हिच्याशी त्यांनी १८७२ मध्ये लग्न केले. ती त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी होती. पोटी मूल झाले नाही. तेव्हा बेर्टाच्या भावाची सहा वर्षांची मुलगी त्यांनी घरी आणली आणि आपली म्हणून वाढवली.

८ नोव्हेंबर १८९५, शुक्रवारची संध्याकाळ. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीतून उच्च दाबाची वीज सोडून राँटगेन प्रयोग करत होते. नळी काळ्या पुठ्ठ्याने पुरती झाकलेली, खोलीत अंधार. अशा वेळी थोड्या अंतरावरचा, बेरियमच्या एका क्षाराचा लेप दिलेला पडदा चमकताना दिसला. पुठ्ठ्यातून पार जाणारे काहीतरी नळीतून निघत होते. पुढचे कित्येक आठवडे हा पन्नाशीतला माणूस प्रयोगशाळेतच जेवला आणि तिथेच झोपला. काय चालले आहे, याचा घरात पत्ता नव्हता. अज्ञात राशीला गणितात जे अक्षर देतात तेच त्यांनी या किरणांना दिले, म्हणून ते क्ष-किरण. २२ डिसेंबरला त्यांनी बेर्टाचा हात छायाचित्राच्या काचेवर ठेवला आणि सुमारे पंधरा मिनिटे किरण सोडले. काचेवर बोटांची हाडे उमटली आणि एका बोटाभोवती अंगठीचा काळा डाग. आपल्याच हाताचा सापळा पाहून ती बाई घाबरली, असे सांगतात. कोण घाबरणार नाही?

२८ डिसेंबरला त्यांनी आपला निबंध वुर्झबुर्गच्या भौतिक-वैद्यक मंडळाकडे सोपवला. १८९६ च्या जानेवारीत व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रातून बातमी जगभर गेली आणि काही आठवड्यांत डॉक्टर मोडलेली हाडे व शरीरात रुतलेल्या गोळ्या शोधू लागले. २३ जानेवारीच्या भर सभेत वृद्ध शरीरशास्त्रज्ञ क्योलिकर यांच्या हाताचे चित्र घेतले गेले. या किरणांना राँटगेन यांचे नाव द्यावे, अशी सूचना क्योलिकर यांनीच मांडली. राँटगेन स्वतः क्ष-किरण हेच नाव वापरत राहिले.

आता माझ्या आवडीचा भाग. या शोधाचे पेटंट घ्यावे, यंत्रे बनवणाऱ्यांकडून पैसा घ्यावा, हे त्या काळच्या जर्मनीत अगदी सहज होते. राँटगेन यांनी पेटंट घेतले नाही. विद्यापीठात लागलेला शोध साऱ्या जगाचा, ही त्यांची धारणा होती. नावामागे सरदारकीची पदवी लावण्याचा मानही त्यांनी नम्रपणे नाकारला. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. ते घ्यायला गेले, पण रिवाजाचे व्याख्यान न देताच परतले, आणि बक्षिसाची रक्कम वुर्झबुर्ग विद्यापीठाच्या नावे केली.

या किरणांना एक मर्यादा मात्र होती. हाड आणि मांस यांतला फरक ते दाखवतात, पण मेंदू म्हणजे कवटीच्या डब्यात ठेवलेला मऊ गोळा. एक्स-रेत डबा दिसतो, आतला ऐवज दिसत नाही. अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून चित्रे काढली. रोग्याला ते फार यातनादायक होई. पोर्तुगालच्या एगाश मोनीश यांनी १९२७ मध्ये रक्तवाहिन्यांत औषध सोडून त्यांचे जाळे दाखवले. १९७१ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात गॉडफ्रे हाऊन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनने रोग्याच्या मेंदूचे काप प्रथम दिसले. इथपर्यंत किरण राँटगेन यांचेच होते.

एमआरआयची जात वेगळी. त्यात क्ष-किरण नाहीतच. आपल्या शरीरात पाणी भरपूर आणि पाण्यात हायड्रोजन. त्याची केंद्रके जबर चुंबकात एका ओळीत येऊ लागतात, रेडिओलहरींनी ती हलवली की परतताना संकेत देतात, आणि संगणक त्या संकेतांतून चित्र रचतो. फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये या गुणधर्माचा अभ्यास मांडला. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये त्यातून चित्र काढून दाखवले. पीटर मॅन्सफील्ड यांनी ते काम वेगवान केले. लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना २००३ मध्ये नोबेल मिळाले.

आमच्या कोलशेत रस्त्यावर एके काळी रासायनिक कारखाने होते, आता उंच मनोरे आहेत. दोन वर्षांपूर्वी आमच्या सौ.ला सतत चक्कर येऊ लागली, तेव्हा डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय सांगितला. आत जाताना तिने मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी काढून माझ्या रुमालात ठेवली. कपाळाला हात लावत ती एवढेच पुटपुटली, की लग्नानंतर पहिल्यांदाच गळा मोकळा. बाहेर बसून मी यंत्राची ठोक्यांसारखी धडधड ऐकत होतो आणि मला बेर्टाची अंगठी आठवत होती. दागिने काढायला लावणे हा काही उगाचचा जाच नव्हे. नेहमीच्या दीड टेस्लाच्या यंत्राचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात प्राणवायूचा सिलिंडर एमआरआयच्या खोलीत नेला गेला, तो यंत्राने खेचला आणि एका तरुणाचा जीव गेला. सौ.च्या बाबतीत देवाच्या दयेने काळजीचे काही निघाले नाही. तो निर्वाळा ज्यांनी दिला, त्या रेडिऑलॉजिस्टचा चेहरा आम्ही आजतागायत पाहिलेला नाही. अहवालाखाली एक सही, बस्स.

हा धंदाच असा आहे. अंधाऱ्या खोलीत पडद्यापुढे बसून एकेका रोग्याची शेकडो चित्रे पाहायची, त्यातला एखादा राखाडी ठिपका हेरायचा, आणि श्रेय दुसऱ्याच्या पदरी घालायचे. सुरुवातीच्या पिढीने तर जीव दिले. एडिसन यांचा सहाय्यक क्लॅरेन्स डॅली १९०४ मध्ये किरणांच्या बाधेने गेला. हॅम्बुर्गमध्ये १९३६ साली अशा हुतात्म्यांचे स्मारक उभारले, तेव्हा त्यावर १६९ नावे होती.

बँकेत असताना अशी यंत्रे घेण्यासाठी कर्ज मागणारे तरुण डॉक्टर मी पाहिले. यंत्राची किंमत कोटींत आणि हप्ता दर महिन्याला. हप्ता थांबत नाही, म्हणून यंत्रही थांबू द्यायचे नाही, हा मोह तिथूनच सुरू होतो. सोनोग्राफीचे उदाहरण आपल्यासमोर आहेच. पोटातली मुलगी ओळखून ती नको म्हणण्यासाठी तिचा वापर झाला आणि महाराष्ट्राला १९८८ मध्ये, देशात सर्वांआधी, त्याविरुद्ध कायदा करावा लागला. यंत्राला विवेक नसतो. तो खुर्चीत बसणाऱ्याने घरून आणायचा असतो. अहवालावर प्रामाणिक सही करणारे असंख्य डॉक्टर आहेत, म्हणूनच तो लिफाफा उघडताना आपण विश्वास ठेवतो.

राँटगेन यांचा शेवट सुखाचा झाला नाही. १९०० पासून ते म्युनिकला होते. बेर्टाचे दुखणे वर्षानुवर्षे चालले. १९१९ मध्ये ती गेली. महायुद्धानंतर जर्मनीत चलनाचे मूल्य असे कोसळले, की भल्याभल्यांची आयुष्यभराची ठेव मातीमोल झाली. त्यांचीही झाली. साऱ्या जगाच्या रुग्णालयांतून ज्याच्या शोधावर यंत्रे चालत होती, तो माणूस म्हातारपणी काटकसर करत होता. पेटंटच्या निर्णयाचा त्यांना पश्चात्ताप झाल्याचे कुठे वाचनात आले नाही. आतड्याच्या कर्करोगाने १० फेब्रुवारी १९२३ रोजी ते गेले. आपली शास्त्रीय कागदपत्रे जाळून टाकावीत, ही त्यांची इच्छा पाळली गेली. गीसेनच्या स्मशानभूमीत आई-वडील आणि बेर्टा यांच्याजवळ ते विसावले.

बँकेच्या हिशेबाने पाहिले तर हे खाते तोट्याचे. पण आज खेड्यातल्या दवाखान्यात पडलेल्या पोराचा हात कुठे मोडला, हे काही मिनिटांत कळते आणि त्यासाठी राँटगेन यांच्या वारसांना कोणी पै देत नाही. त्यांच्या शोधाचा दिवस, ८ नोव्हेंबर, २०१२ पासून जगभर रेडिऑलॉजी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी, किंवा त्याआधी घरात एखादी फिल्म आली आणि खिडकीच्या उजेडाला धरून पाहिली, तर अहवालाच्या तळाशी असलेले नावही वाचावे. जमल्यास त्या डॉक्टरांना एक निरोप धाडावा. त्यांना तो क्वचितच येत असावा.