विश्वेश्वरय्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे : खडकवासल्याची युक्ती आजच्या कंट्रोल व्हॉल्व्हला काय शिकवते?

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हटले की म्हैसूरचे दिवाणपद, कृष्णराजसागर धरण आणि १९५५ची भारतरत्न पदवी आठवते. पण त्यांच्या सरकारी नोकरीची पहिली २४ वर्षे मुंबई इलाख्यात गेली. त्यांचे गाजलेले पेटंटही पुण्याजवळच्या खडकवासला धरणासाठीच होते. माणसाने हात न लावता पाण्याची पातळी राखणारे दरवाजे त्यांनी तिथे बसवले. लातूरच्या तेल गिरण्यांत किंवा साखर कारखान्यांत आज जे काम कंट्रोल व्हॉल्व्ह करतो, तेच काम हे दरवाजे विजेशिवाय करत होते.

महाराष्ट्राशी नाते कसे जुळले?

विश्वेश्वरय्या यांचा जन्म आजच्या कर्नाटकातील मुद्देनहळ्ळीचा. वडील लवकर गेले. शिकवण्या घेत त्यांनी बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजमधून बीए केले. म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत आले. १८८३ मध्ये ते इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. नाशिक, खानदेश, सिंधमधील सक्कर आणि पुणे अशी त्यांची नोकरी झाली. कामे बहुतेक पाण्याचीच होती.

खडकवासल्याची अडचण काय होती?

मुठा नदीवरच्या या तलावातून पुण्याला आणि कालव्याला पाणी मिळत असे. पावसाळ्यात जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात तेच कमी पडे. सांडवा कायमचा उंच केला असता तर साठा वाढला असता, पण मोठ्या पुरात पातळी धरणाला झेपणार नाही इतकी चढली असती. सांडव्यावर साधे दरवाजे बसवले तर ते भर पावसात, मध्यरात्रीही वेळेवर उघडायला माणूस हवा. त्याला उशीर झाला तर धरणाला धोका. दरवाजे उघडून बंद करायचे राहिले, तर साठवलेले पाणी वाया.

दरवाजे आपोआप कसे चालत?

विश्वेश्वरय्या यांनी हे काम पाण्यावरच सोपवले. दरवाजे आणि त्यांना जोडलेले वजन यांचा तोल असा जमवला, की पातळी ठरलेल्या रेषेच्या वर गेली की तोल बदले आणि दरवाजे उघडत. पूर ओसरून पातळी उतरू लागली की ते पुन्हा बंद होत. १९०३च्या सुमारास ही यंत्रणा सुरू झाली. धरणाची उंची न वाढवता मूळ सांडव्याच्या वर सुमारे ८ फूट पाणी साठू लागले. सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामाचे मानधन नको, म्हणून त्यांनी पेटंटची रॉयल्टी घेतली नाही. पुढे ग्वाल्हेरजवळचे तिग्रा धरण आणि कृष्णराजसागर येथेही असे दरवाजे बसले.

आजच्या व्हॉल्व्हशी संबंध काय?

कारखान्यात सेन्सर पातळी, दाब किंवा तापमान मोजतो. कंट्रोलर ते ठरलेल्या आकड्याशी ताडून पाहतो आणि हवेच्या दाबावर चालणारा ॲक्चुएटर व्हॉल्व्ह उघडतो किंवा मिटतो. खडकवासल्यात ही तिन्ही कामे पाणी आणि वजन करत होते.

निवडीचे प्रश्नही तेच. पहिला प्रश्न, जास्तीत जास्त आणि कमीत कमी प्रवाह किती? गरजेपेक्षा मोठा व्हॉल्व्ह घेतला तर तो कायम किंचित उघडा राहून चालतो, सीट झिजते आणि प्रवाह खालीवर होत राहतो. लहान घेतला तर पूर्ण उघडूनही पुरत नाही. दुसरा प्रश्न, हवा किंवा वीज गेली तर काय? अशा वेळी वाफेचा व्हॉल्व्ह सहसा बंद व्हायला हवा आणि थंड पाण्याचा उघडायला हवा. हे खरेदीआधीच ठरवावे लागते.

मर्यादा कुठे येते?

१९०८ मध्ये विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या नोकरीतून बाहेर पडले. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला मुसी नदीच्या पुराने हैदराबादेत हजारो बळी घेतले. तेव्हा लातूर-नांदेडसह मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. निजाम सरकारने त्यांना बोलावले आणि १९०९ मध्ये ते हैदराबादला आले. शहरातली नदी जेवढे पाणी वाहून नेऊ शकते तेवढेच खाली सोडायचे आणि बाकीचे वर अडवायचे, असा त्यांच्या योजनेचा गाभा होता. त्यातूनच पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव झाले.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले. त्या लोंढ्यापुढे खालचे खडकवासला धरणही टिकले नाही आणि पुणे पाण्याखाली गेले. तेव्हा शंभरीच्या उंबरठ्यावरचे विश्वेश्वरय्या हयात होते; एप्रिल १९६२ मध्ये त्यांचे निधन झाले. नेहमीच्या पुरासाठी आखलेला सांडवा वरचे अख्खे धरण रिकामे होताना पुरा पडत नाही. व्हॉल्व्हचेही तसेच असते. ज्या प्रवाहाचा हिशेब धरलेला नाही, तिथे उत्तम यंत्रही हतबल ठरते.

देखभाल का टाळू नये?

आपोआप चालणाऱ्या यंत्राकडे लक्ष द्यावे लागत नाही, हा गैरसमज आहे. महिनोन्महिने एकाच जागी राहिलेला व्हॉल्व्ह ग्लँड पॅकिंगमध्ये अडकतो. हवेतले पाणी आणि तेल पोझिशनर बिघडवते. म्हणूनच गाळप हंगामाआधीच्या दुरुस्तीत प्रत्येक व्हॉल्व्ह शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत उघडून-मिटवून पाहावा, पॅकिंगची गळती आणि एअर फिल्टर तपासावा. हवा तोडल्यावर व्हॉल्व्ह ठरलेल्या बाजूला जातो का, हेही बघावे. ही शेवटची चाचणी बऱ्याचदा राहून जाते, आणि वीज गेल्यावर कारखाना त्याच चाचणीवर अवलंबून असतो.