वरून शिवार बघायला शिकवणारा माणूस : डॉ. पिशारोटी

दुष्काळ जाहीर करायचा की नाही, हे आता नुसत्या पैसेवारीवर ठरत नाही. २०१६ च्या दुष्काळ संहितेप्रमाणे पावसाच्या आकड्याबरोबर उपग्रहातून दिसणारा पिकांचा हिरवेपणा आणि जमिनीतली ओलही बघतात. म्हणजे आपल्या तालुक्याला मदत मिळणार की नाही, यात आकाशातल्या कॅमेऱ्याचा वाटा आहे. वरून जमीन बघायची ही विद्या आपल्या देशात रुजवली ती डॉ. पिशारथ राम पिशारोटी यांनी. त्यांचं नाव आपल्याकडे फारसं कोणी घेत नाही, म्हणून ही ओळख.

पिशारोटी मूळचे केरळातले. १० फेब्रुवारी १९०९ रोजी पलक्कडजवळच्या कोल्लेंगोडे गावी जन्म. शिक्षण भौतिकशास्त्राचं. मद्रासला कॉलेजात शिकवायचे आणि सुट्टीत बंगळुरूला सर सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली काम करायचे. पुढे ते हवामान खात्यात लागले. अमेरिकेत जाऊन १९५४ मध्ये डॉक्टरेट घेतली आणि परत येऊन मान्सूनच्या मागे लागले.

१९५७ मध्ये त्यांनी सहकारी अस्नानी यांच्यासोबत एक महत्त्वाची गोष्ट मांडली. बंगालच्या उपसागरातून तीव्र कमी दाबाचं क्षेत्र आत सरकतं, तेव्हा सगळीकडे सारखा पाऊस पडत नाही. जोरदार पाऊस त्याच्या केंद्राच्या नैऋत्य बाजूला पडतो. ओडिशावरच्या हवेमुळे विदर्भात नाले का वाहतात, त्याचं उत्तर यात आहे.

महाराष्ट्राशीही त्यांचा जवळचा संबंध. कुलाबा आणि अलिबागच्या वेधशाळांचे ते संचालक होते. १९६२ मध्ये पुण्यात उष्णकटिबंधीय हवामानाची संस्था सुरू झाली, तिचे पहिले संचालक तेच. आज मान्सूनच्या अभ्यासात आयआयटीएम हे नाव येतं, ती हीच संस्था.

१९६७ ला सरकारी नोकरी संपली. दुसरा कोणी घरी बसला असता. पण विक्रम साराभाईंनी त्यांना अहमदाबादला बोलावलं आणि साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी नवीन काम हातात घेतलं.

केरळात तेव्हा नारळाच्या झाडांना मूळमर (रूट विल्ट) रोग लागला होता. १९७० मध्ये पिशारोटींच्या चमूने हेलिकॉप्टरमधून बागांचे फोटो काढले, तेही खास इन्फ्रारेड फिल्मवर. निरोगी पान डोळ्याला न दिसणारे इन्फ्रारेड किरण भरपूर परत फेकतं. अशा फिल्मवर ते लालभडक दिसतं. आजारी झाडाचा रंग वेगळा येतो. कोणतं झाड रोगट आहे, हे वरून ओळखता येतं, हे या प्रयोगाने दाखवलं. देशातल्या दूरसंवेदनाची सुरुवात इथूनच मानतात. त्याच साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पुढचं काम उपग्रहांनी केलं. १९७९ मध्ये भास्कर गेला. १७ मार्च १९८८ ला आयआरएस-१ए गेला, तेव्हा पिशारोटी ७९ वर्षांचे होते. त्याच्या एका कॅमेऱ्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे साडेबहात्तर मीटर, म्हणजे साधारण सव्वा एकर. दुसऱ्या कॅमेऱ्याचा ठिपका साधारण १३ गुंठ्यांचा. दर २२ दिवसांनी तीच जागा पुन्हा टिपली जायची. जुनं आणि नवं चित्र शेजारी ठेवलं की कळतं, कुठे जंगल उठलं, कुठे पडीक जमीन वहितीखाली आली, कुठे तळं आटलं, कुठे प्लॉटिंग झालं. हैदराबादच्या राष्ट्रीय केंद्राने केलेले असे जमीन वापराचे नकाशे आज ‘भुवन’ संकेतस्थळावर कोणालाही बघता येतात.

पण पिशारोटींनी आपल्याला दिलेला सगळ्यात कामाचा हिशेब पावसाचा आहे. वर्षात ८,७६० तास असतात. त्यातल्या जेमतेम १०० तासांत आपल्या देशातला बहुतेक पाऊस पडून जातो, असं ते सांगत. म्हणजे त्या १०० तासांत पाणी अडवलं तरच उरलेलं वर्ष निघणार.

आता दोन्ही गोष्टी जोडून बघा. टेकडी उघडी पडली की माती लवकर तापते, ओल उडते आणि त्या १०० तासांतलं पाणी थेट ओढ्याला लागतं. पाणी कुठे मुरतं आणि कुठून पळतं, याचा अंदाज जमिनीच्या नकाशावरून येतो. म्हणून पाणलोटाचं काम गावात आलं, की कोणाच्या शेताजवळ बांध घालायचा यावर भांडण्याआधी ग्रामसभेत जुना आणि नवा नकाशा समोर ठेवा. वीस वर्षांत काय बदललं ते आपोआप दिसेल.

एक मात्र ध्यानात ठेवा. वरून हिरवं दिसतं ते सगळं पीक नसतं. वेडी बाभूळही हिरवीच दिसते. म्हणून संहितेत निवडक गावांत शेतावर जाऊन पडताळणी करायची तरतूद आहे. ती होते तेव्हा आपण बांधावर हजर पाहिजे आणि खरं काय ते दाखवलं पाहिजे.

डॉ. पिशारोटी २४ सप्टेंबर २००२ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी गेले. जागतिक हवामान संघटनेचा मानाचा आयएमओ पुरस्कारही त्यांना १९८९ मध्ये मिळाला होता. सुरुवात मात्र नारळाच्या आजारी झाडापासून, म्हणजे शेतकऱ्याच्या अडचणीपासून झाली होती. यंदा पाऊस सुरू व्हायच्या आत आपल्या गावचा नकाशा मोबाईलवर एकदा उघडून बघा.