महात्मा जोतीराव फुले : शेतसारा आणि शाळा

महात्मा जोतीराव फुले यांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला, तेव्हा पेशवाई बुडून नऊ वर्षे लोटली होती. राज्य बदलले तशी साऱ्याची रीतही बदलली. गोल्डस्मिड व विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात शेतांची मोजणी व प्रतवारी करून १८३६ पासून तीस वर्षांसाठी रोख सारा ठरविला. भाव पडला तरी हप्ता ठरलेल्या वेळी भरावा लागे. मग शेतकरी सावकाराचे दार गाठी आणि स्वतःला वाचता न येणाऱ्या कर्जरोख्यावर नांगराची निशाणी करी. पुढे फेरपाहणीत सारा वाढला. मे १८७५ मध्ये सुपे येथून दंगे पेटले, तेव्हा शेतकऱ्यांनी हेच रोखे जाळले.

जोतीरावांनी रोख्यामागचे अज्ञान ओळखले होते. १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढली, पुढे अस्पृश्यांच्या मुलांसाठीही शाळा काढल्या. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापिला. १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारचा हिशेबच मांडला : महसूल रयतेच्या घामातून येतो, शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो. निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. १८८३ साली सिद्ध केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यांनी वाढता सारा, सावकार, भटशाही व कचेरीतील कामगार यांची साखळी उघड केली आणि बंधारे, तळी व शिक्षण हे उपाय सुचविले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आमचे हिमायतनगर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. परंतु सालारजंग यांच्या कारकिर्दीत मराठवाड्यातही मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी पाहणी आली. ज्यांच्या नावे जमीनच नव्हती, त्या आमच्या पूर्वजांचे नाव या दप्तरात खातेदार म्हणून लागले नाही. बाबासाहेबांनी जोतीरावांना गुरू मानले, त्याचे मर्म आम्हांस येथे उमगते.

हा धडा शिकविताना आम्ही विद्यार्थ्यांच्या हाती सातबाऱ्याचा उतारा देतो. ज्याच्या घरी सातबारा नाही, त्याने आईवडिलांच्या मजुरीचा हिशेब लिहून आणावा, असे सांगतो. सुट्टीत घरी आलेल्या आपल्या लेकराकडून पालकांनी घरातील कागद एकदा अवश्य वाचून घ्यावेत.