चवदार तळ्यापासून महानदीपर्यंत

बाबासाहेब आणि पाणी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चवदार तळे उभे राहते. राहणारच. 20 मार्च 1927 रोजी महाडला जे घडले ते आमच्या पिढ्यान् पिढ्यांच्या रक्तात भिनले आहे. पण ओंजळभर पाण्यासाठी लढणाऱ्या याच महापुरुषाने पुढे पंधरा-सोळा वर्षांनी दिल्लीत बसून दामोदर आणि महानदी यांसारख्या नद्यांच्या पुराचे नियोजन केले, हे चळवळीतल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? धरणांचा विषय निघाला की नेहरूंचे नाव घेतले जाते, अभियंत्यांचा निघाला की विश्वेश्वरय्यांचे. दोघांच्या कामाबद्दल आम्हाला आदर आहे. मात्र या देशाच्या जलनीतीचा पाया ज्याने घातला, त्याचे नाव पद्धतशीरपणे खाली दाबले गेले, हे सांगितलेच पाहिजे.

या माणसाचे पाण्याशी नाते लहानपणापासूनच विलक्षण होते. वडील रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त झाल्यावर सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात खजिनदाराची नोकरी करीत होते. कोणत्या कामावर? दुष्काळात माणसे मरत होती म्हणून मुंबई सरकारने तिथे तलाव खोदण्याचे काम काढले होते, त्या कामावर. म्हणजे आंबेडकरांच्या घरची चूल तलावाच्या पैशावर पेटत होती. आणि 1901 साली त्याच वडिलांना भेटायला निघालेल्या दहा वर्षांच्या भीमरावाला मसूर स्टेशनापासून पुढच्या रात्रभराच्या प्रवासात प्यायला घोटभर पाणी मिळाले नाही. डबा सोबत होता, पण पाण्यावाचून घास उतरेना. पाणी असणे आणि पाणी मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या पोराला कोणत्याही पुस्तकाने शिकवावे लागले नाही.

पुढे कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आल्यावर 1918 मध्ये त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्या काळी सगळे विद्वान जमिनीच्या तुकड्यांना दोष देत होते. तुकडे जोडा म्हणजे शेती सुधारेल, असा त्यांचा हिशेब. बाबासाहेबांनी तो उलटा मांडला. दोष तुकड्यांचा नसून शेतीवर लादलेल्या माणसांच्या ओझ्याचा आहे, ते ओझे उतरवायचे तर कारखाने हवेत, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्या सगळ्या जलनियोजनाची किल्ली इथे आहे. कारखान्याला वीज लागते, स्वस्त वीज नदी देते, आणि नदी बांधायची तर आधी तिचा पूर समजून घ्यावा लागतो.

20 जुलै 1942 रोजी त्यांनी व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून सूत्रे हाती घेतली. मजूरमंत्री म्हटले की आपण कामगार कायदे आठवतो. पण त्या खात्यात पाटबंधारे, वीज, सार्वजनिक बांधकाम आणि खाणी हे विषयसुद्धा होते. अडचण अशी की 1919 आणि 1935 च्या कायद्यांनी पाटबंधारे प्रांतांकडे दिले होते. केंद्राच्या हातात सल्ल्यापलीकडे फारसे काही नव्हते. दुसरा कोणी असता तर त्याने फायलींवर सह्या केल्या असत्या आणि मुदत संपताच घरी गेला असता.

जुलै 1943 मध्ये बंगालात दामोदर नदीने बर्दवानजवळ डावा काठ फोडला. रेल्वेचा मुख्य मार्ग आणि ग्रँड ट्रंक रस्ता वाहून गेला आणि कलकत्त्याचा उत्तर हिंदुस्थानशी संपर्क तुटला. महायुद्ध चालू होते, ब्रह्मदेशाच्या आघाडीची रसद त्याच वाटेने जात होती. त्याच वर्षी बंगालात भीषण दुष्काळ पडून लाखो माणसे अन्नावाचून मेली. दामोदरला बंगालचे दुःख म्हणत. दर काही वर्षांनी ती गावेच्या गावे बुडवी. पण सरकार खडबडून जागे झाले ते आगगाड्या थांबल्यावर, ही नोंद वाचकांनी करून ठेवावी.

इथे एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे. याच दामोदरच्या दोन्ही काठांवर पूर्वी मातीचे बांध होते. डाव्या बाजूने रेल्वे टाकल्यावर 1850 च्या दशकात इंग्रजांनी उजव्या काठावरचा सुमारे 20 मैलांचा बांध काढून टाकला, म्हणजे पुराचे पाणी रेल्वेकडे न येता उजवीकडच्या खेड्यांत शिरावे. पाऊस निसर्ग पाडतो. ते पाणी कोणाच्या दारात सोडायचे हे मात्र माणसे ठरवतात. कोणत्या माणसांच्या दारात, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

1943 च्या पुरानंतर बंगाल सरकारने चौकशी समिती नेमली. बर्दवानचे महाराज तिचे अध्यक्ष होते आणि शास्त्रज्ञ मेघनाद साहा सभासद. अमेरिकेत 1933 साली टेनेसी नदीच्या खोऱ्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण उभे राहिले होते, तसे काही इथे करावे, अशी समितीची शिफारस होती. बाबासाहेबांच्या खात्याने ती उचलून धरली. टेनेसीच्या कामातले अनुभवी अभियंते वूरडुइन यांना बोलावून त्यांच्याकडे आराखडा सोपवला.

खरा पेच अभियांत्रिकीचा नव्हताच. दामोदर उगम पावते छोटा नागपूरच्या पठारावर, म्हणजे तेव्हाच्या बिहारात. बुडवते खालच्या बंगालला. धरणे बांधायची ती वर, म्हणजे जमीन बुडणार बिहारची आणि पुरातून वाचणार बंगाल. बिहारने का ऐकावे? 3 जानेवारी 1945 रोजी कलकत्त्यात बाबासाहेबांनी बंगाल, बिहार आणि केंद्र यांच्या प्रतिनिधींना एका टेबलाभोवती बसवले. रेल्वे केंद्राकडे आणि नद्या प्रांतांकडे ही वाटणीच चुकीची आहे, प्रांताच्या सीमा पाण्याच्या आड येता कामा नयेत, अशी स्वच्छ भूमिका त्यांनी तिथे घेतली. आणि धरण नुसते पूर अडवण्यासाठी बांधू नका, त्यातून सिंचन, वीज आणि जलवाहतूकही साधा, म्हणजे वरच्या प्रांतालाही वाटा मिळेल, हा त्यांचा तोडगा होता. बहुउद्देशीय प्रकल्प हा शब्द आज सरकारी झाला आहे. त्यामागे दोन भांडणाऱ्या प्रांतांना एकत्र बांधण्याची ही युक्ती होती.

त्याच वर्षी 23 ऑगस्टला दुसरी परिषद भरली तेव्हा वूरडुइन यांचा आराखडा हाती आला होता. आठ धरणे, 47 लाख एकर-फूट जलसाठा, 7 लाख 60 हजार एकरांना बारमाही पाणी, 3 लाख किलोवॅट वीज, 50 लाख लोकांचे थेट कल्याण. दहा लाख क्युसेकचा पूर आला तरी खाली अडीच लाखांवर जाऊ द्यायचा नाही, असे गणित होते. दोन वर्षांपूर्वी जिथे फुटलेल्या काठावर मातीच्या पाट्या टाकल्या जात होत्या, तिथे आता सबंध खोऱ्याचा हिशेब मांडला गेला.

8 नोव्हेंबर 1945 ला कटकची परिषद झाली. आमच्या मते बाबासाहेबांच्या जलविचाराचे शिखर हेच. ओरिसाच्या पुरांवर समित्यांमागून समित्या बसल्या होत्या. 1928 च्या समितीचा निष्कर्ष असा होता की पुराचे पाणी लवकरात लवकर समुद्रात जाऊ द्यावे. बाबासाहेबांनी त्या विचाराच्या मुळावरच बोट ठेवले. पाणी जास्त झाले हे संकट आहे, असे धरून चालणेच त्यांना मान्य नव्हते. पाणी ही जनतेची संपत्ती आहे, माणसे पुराने मरतात त्याहून अधिक पाण्याच्या अभावाने हाल काढतात, मग ते समुद्रात लोटून कसे चालेल, असा त्यांचा सवाल होता. रात्रभर तहानलेला राहिलेला मुलगाच हा सवाल विचारू शकतो, असे आम्हाला वाटते. त्यातून महानदीवरचे हिराकूड उभे राहिले. 15 मार्च 1946 रोजी ओरिसाच्या गव्हर्नरने त्याची कोनशिला बसवली.

या धावपळीतच एप्रिल 1945 मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व जलवाहतूक आयोग स्थापन झाला. त्याच्या प्रमुखपदी परदेशी साहेब न आणता पंजाबचे अभियंते अयोध्यानाथ खोसला यांना बसवले गेले. आजचा केंद्रीय जल आयोग तो हाच. 1946 च्या मध्याला मजूरमंत्रिपद सुटले. जुलै 1948 मध्ये दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले. 1949 साली संविधान सभेत आंतरराज्य पाणीतंट्यांचे कलम बाबासाहेबांनीच मांडले, तेच आजचे कलम 262. आंतरराज्य नद्यांचे नियमन संघसूचीत 56 व्या नोंदीत गेले. 1956 मध्ये नदी मंडळांचा आणि पाणीतंट्यांचा असे दोन कायदे झाले. त्याच वर्षी 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले. हिराकूडचे उद्घाटन झाले 13 जानेवारी 1957 ला, ते गेल्यावर पाच-सहा आठवड्यांनी.

पुढे त्या आराखड्याचे काय झाले? आठपैकी चारच धरणे तेव्हा बांधली गेली: तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत. वीज आली, कारखाने आले, पण पूर झेलण्यासाठी जेवढी जागा हवी होती तेवढी उरली नाही. पूर अडवायचा तर पावसाळ्यात धरण रिकामे हवे, वीज आणि सिंचनाला ते भरलेले हवे. ही ओढाताण सोडवायला खोऱ्याचे एक अधिकारी मंडळ लागते, म्हणूनच तर बाबासाहेब त्याचा आग्रह धरीत होते. राज्यांनी ते अधिकार सोडले नाहीत. सप्टेंबर 2024 मध्ये दक्षिण बंगाल बुडाला तेव्हा पश्चिम बंगाल सरकारने महामंडळावर पाणी सोडल्याचा ठपका ठेवला आणि आपले प्रतिनिधी काढून घेतले. 1945 मध्ये एका टेबलाशी आणलेली माणसे पुन्हा उठून गेली.

एक गोष्ट आम्ही झाकून ठेवणार नाही. हिराकूडने दोनशेवर गावे आणि लाखाहून अधिक माणसे उठवली. त्यांत आदिवासी होते, दलित होते, आणि पुनर्वसनासाठी त्यांच्या पुढच्या पिढ्यांनाही झगडावे लागले. धरणांवरचा तो विश्वास त्या काळातल्या साऱ्या जगाचा होता हे खरे. पण ज्याची जमीन बुडते त्याचा वाटा कोणता, हा प्रश्न बिहारच्या बाबतीत बाबासाहेबांनी प्रांतापुढे ठेवला होता. पुढच्या राज्यकर्त्यांनी तो माणसापर्यंत खाली आणलाच नाही.

आणि आपल्या महाराष्ट्रात? 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर बुडाले आणि अलमट्टीच्या पाण्यावरून दोन राज्यांत तोच जुना वाद रंगला. जुलै 2021 मध्ये सावित्रीच्या पुरात महाड बुडाले. पाटबंधारे खाते नदीकाठी दोन रेषा आखते: पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांत एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी आहे. त्या रेषेच्या आत राहते कोण? ज्यांना गावाने वरची जमीन कधी दिलीच नाही ते. बिल्डरने भराव टाकून इमारत उभी केली की रेषा सरकवण्याची मागणी होते. वस्तीवर मात्र त्याच रेषेच्या आधारे नोटीस येते आणि पर्यायी जागा मिळत नाही. दामोदरचा उजवा काठ अजून आहे, फक्त नदीचे नाव बदलले.

महाराष्ट्र शासनाने 1991 साली प्रसिद्ध केलेल्या दहाव्या खंडात बाबासाहेबांची मजूरमंत्री म्हणून केलेली सगळी भाषणे आहेत. 2016 मध्ये केंद्र सरकारने 14 एप्रिल हा जल दिन म्हणून पाळण्याची घोषणाही केली. 1956 च्या नदी मंडळ कायद्याखाली मात्र या देशात एकही मंडळ स्थापन झालेले नाही.