जेआरडी, विमानाची घरघर आणि आपले कान

१५ ऑक्टोबर १९३२ च्या सकाळी कराचीहून एक छोटं विमान उडालं. पस मॉथ जातीचं, एकाच इंजिनाचं, साधारण १२० अश्वशक्तीचं. आत २५ किलो टपाल आणि चालवायला अठ्ठावीस वर्षांचे जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. अहमदाबादला इंधन भरून दुपारी ते जुहूला उतरले. भारतीय विमानसेवेची ही सुरुवात बहुतेकांना माहीत असते. कानाच्या बाजूने मात्र या प्रवासाकडे कोणी पाहत नाही. ते सगळे तास इंजिन त्यांच्या समोरच धडधडत होतं.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसमधला. आई फ्रेंच. सुट्टीत हे कुटुंब फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या हार्दलो गावी राहायचं आणि शेजार होता लुई ब्लेरिओंचा, म्हणजे १९०९ मध्ये इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणाऱ्या माणसाचा. पंधराव्या वर्षी तिथेच जेआरडी पहिल्यांदा विमानात बसले. पुढे मुंबईच्या फ्लाइंग क्लबात ते उडायला शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना त्यांच्या हाती आला.

त्या काळच्या उघड्या मॉथ विमानांत शिकवणारा आणि शिकणारा एका नळीतून बोलत, कारण शेजारच्या माणसाचं ओरडणंही ऐकू येत नसे. असंच मॉथ घेऊन १९३० मध्ये जेआरडी आगाखान स्पर्धेसाठी कराचीहून लंडनकडे निघाले. वाटेत इजिप्तमध्ये उलट दिशेने आलेला अस्पी इंजिनिअर हा तरुण स्पर्धक स्पार्क प्लगअभावी अडकलेला दिसला. जेआरडींनी आपल्याजवळचे प्लग त्याला देऊन टाकले. स्पर्धा अस्पीने जिंकली आणि पुढे तो भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

हे वैमानिक कानात कापूस घालून उडत. आपल्याकडे आजही एसटीच्या प्रवासात कापसाचे बोळे घालणारे भेटतात. थंड वाऱ्याला कापूस ठीक आहे, पण इंजिनाची खालच्या पट्टीतली घरघर तो जवळजवळ तशीच आत सोडतो.

त्या घरघरीने होतं काय? आतल्या कानात केसांसारख्या टोकांच्या नाजूक पेशी असतात. मोठा आवाज तासन् तास बसला की त्या थकतात, पुन्हा पुन्हा बसला की मरतात आणि मेलेल्या परत उगवत नाहीत. आधी जाते ती वरच्या पट्टीची श्रवणशक्ती. आवाज ऐकू येतो, पण ‘स’, ‘श’, ‘त’ यांसारखी व्यंजनं निसटतात. मग आजोबा म्हणतात, हल्लीची मुलं पुटपुटतात! ८५ डेसिबलचा आवाज आठ तास ही सर्वसाधारण मर्यादा मानतात आणि त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ डेसिबलला चारच तास.

१९३८ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, जेआरडी टाटा समूहाचे अध्यक्ष झाले, तरी जीव विमानातच राहिला. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं, तेव्हा ते स्वतः आत होते. त्या कॉन्स्टेलेशन विमानाला अठरा-अठरा सिलिंडरची चार इंजिनं होती. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं, पण अध्यक्षपद त्यांच्याकडेच राहिलं. प्रवासी म्हणून बसले की खुर्चीची पाठ, पडदे, चहाचा रंग, स्वच्छतागृह असं सगळं ते तपासत आणि उतरल्यावर कर्मचाऱ्यांना टिपणं पाठवत. डॉक्टर म्हणून मला ही सवय फार मोलाची वाटते. वॉर्डातही सुधारणा अशाच बारीक टिपणांतून होते.

१९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आलं. जेटमुळे पंख्यांचा थरथराट गेला, वेळ निम्म्यावर आला. तरीही जेटच्या केबिनमध्ये आजसुद्धा साधारण ८० ते ८५ डेसिबल आवाज असतो. इंजिनाइतकाच तो विमानाच्या अंगावरून सुसाट वाहणाऱ्या हवेचाही असतो.

फेब्रुवारी १९७८ मध्ये सरकारने जेआरडींना एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून दूर केलं. त्याच वर्षी झुरिचहून बोस्टनला जाणाऱ्या विमानात अमर बोस हे बंगाली वडिलांचे अमेरिकी प्राध्यापक विमानातला हेडफोन लावून बसले होते. घरघरीत संगीत बुडत होतं, म्हणून त्यांनी तिथेच कागदावर गणित मांडलं. मूळ कल्पना जुनी होती. पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला १९३६ मध्येच तिचं अमेरिकी पेटंट मिळालं होतं. मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो, सर्किट त्याची नेमकी उलटी लहर बनवतं आणि एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर पडून दोन्ही विरतात. हे जमायला अकरा वर्षं लागली. १९८९ मध्ये असे हेडफोन वैमानिकांना विकत मिळू लागले. सामान्य प्रवाशांपर्यंत पोचायला २००० साल उजाडलं. तेव्हा ते महाग होते, आज तीन-चार हजारांच्या आसपासही मिळतात.

आपल्या शहरातले कितीतरी आई-वडील मुलांकडे परदेशी जातात. चिकलठाण्याहून मुंबई किंवा दिल्ली आणि पुढे, अमेरिका असेल तर, चौदा-सोळा तास. ओपीडीत मला विचारतात, कोणता घ्यावा? ब्रँड मी सांगत नाही, खोका वाचायला सांगतो. त्यावर ‘एएनसी’ असेल तर तुमच्या कानातली घरघर कमी होईल. नुसतं ‘ईएनसी’ असेल तर फोनवर पलीकडच्याला तुमचं बोलणं स्वच्छ ऐकू जाईल, तुम्हाला शांतता मिळणार नाही. स्वस्तातली निम्मी फसगत या एका अक्षरात आहे. इतके डेसिबल कमी होतात असा मोठा आकडा छापलेला असतो, तो बहुधा एखाद्याच पट्टीतल्या सर्वोत्तम कामगिरीचा असतो. संपूर्ण कान झाकणारी मऊ गादी हवी. चष्मा असेल तर तो घालूनच दुकानात बघा, कारण काडीच्या फटीतून घरघर आत शिरते. एएनसी चालू ठेवून बॅटरी किती तास टिकते ते विचारा. वायर लावायची सोय हवीच, कारण पुष्कळ विमानांच्या पडद्यांना ब्लूटूथ जोडता येत नाही.

एवढा खर्च नको असेल तर औषधाच्या दुकानातले फोमचे बोळे घ्या. पीळ देऊन बारीक करायचे, कानाची पाळी वर-मागे ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरायचे. नीट बसले तर स्वस्त एएनसीपेक्षा बाळाचं रडणं ते जास्त अडवतात, कारण एएनसीचा जोर खालच्या पट्टीवरच असतो. साधा हेडफोन लावून घरघरीवर मात करायला आवाज वाढवत नेणं हा मात्र सर्वांत वाईट मार्ग. उतरताना कान दुखतात तो हवेच्या दाबाचा प्रश्न. तेव्हा झोपू नका, चघळा, गिळा. हेडफोनचा त्यावर उपयोग नाही.

जेआरडींच्या उमेदीत यातलं काहीच नव्हतं. १५ ऑक्टोबर १९८२ ला, पहिल्या उड्डाणाच्या पन्नाशीला, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जेआरडी पुन्हा कराचीहून निघाले. या वेळी विमान लेपर्ड मॉथ होतं, पस मॉथच्याच कुळातलं, तसंच एका इंजिनाचं. ते त्यांनी स्वतः चालवत जुहूला उतरवलं. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. पुढच्याच वर्षी, २९ नोव्हेंबरला, ‘मलबार प्रिन्सेस’च्या मार्गावरच्या जिनिव्हात त्यांचं निधन झालं.